ओझ्याचा आवाज

आमच्या धाडला रेल्वे नाही. आगगाडी पाहायची तर मलकापूर किंवा जालना गाठावे लागते. त्यामुळेच की काय, माझ्या वर्गातल्या एका मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी आगगाडीच केली. आणि तीही जुन्या 'डब्ल्यूपी' इंजिनाची. अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याने केलेली ही इंजिने १९४७ साली प्रथम आपल्याकडे आली. वारा कापण्यासाठी निमुळते केलेले नाक, आणि त्यावर रुपेरी तारा!

मुलाचे इंजिन पत्र्याचे, नाक पुठ्ठ्याचे. बाकांवर रूळ मांडलेले. एकीकडे चढ, दुसरीकडे उतार. आत एक चिमुकला स्पीकर, आणि त्यातून वाफेच्या इंजिनाची भकभक अखंड चाललेली.

मला ते रुचले नाही. मी म्हणालो, "अरे, पत्र्याच्या खेळण्याला खऱ्या इंजिनाचा आवाज देणे हा खोटेपणाच नव्हे का?"

"गुरुजी, मग नाकावरचा ताराही खोटाच की!"

मी निरुत्तर झालो. साऱ्या नकलेला खोटे म्हणावे, तर मग मी कादंबऱ्या लिहितो त्याचे काय?

प्रदर्शनाला गावातले एक वृद्ध गृहस्थ आले होते. तरुणपणी ते भुसावळला इंजिनावर फायरमन होते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "गुरुजी, गाडी उताराला लागली, अन् हे कायले धापा टाकून राह्यलं?"

मग त्यांनीच मुलाला समजावले. या इंजिनाला सिलिंडर दोन. प्रत्येकात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार. चढावर हुंकार जड होतात. उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करतो; भकभक थांबते, आणि उरतो तो नुसता दांड्यांचा खणखणाट. इंजिनाचा आवाज म्हणजे ओढलेल्या ओझ्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी मुलाने उतारावरची भकभक काढून टाकली. गाडी चढावर धापली आणि उतारावर गप्प झाली. त्या गप्प होण्याने ती एकाएकी खरी वाटू लागली. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

त्या रात्री मी माझ्या अपुऱ्या कादंबरीचे कागद काढले. तिच्यातली विधवा पानोपानी रडत होती. माझी आई मला आठवली. वडील गेल्यावर ती जन्मभर राबली. पण मी तिला रडताना पाहिले ते दोनदाच. ते दोन हुंदके अजून माझ्या कानांत आहेत.

नक्कल करणे हे पाप नव्हे, असे आता मला वाटते. ओझे नसताना धाप लावणे, हे मात्र पाप आहे. मी त्या रात्री नऊ पाने खोडली. उरलेल्या पानांत ती बाई दोनदाच रडते.