कोंबडीचा पैसा कुणाचा?

सोयाबीनचे पैसे घरधन्याच्या खात्यावर जमा होतात आणि सोसायटीचे कर्ज, खतवाल्याची उधारी यांतच बरेचसे जिरतात. दुधाचा पैसा दहा दिवसांनी डेअरीच्या कार्डावर दिसतो. कोंबडीचा पैसा मात्र कुठल्याच वहीत चढत नाही. पोराला वही हवी, सासूच्या गोळ्या संपल्या, भावाच्या घरी बारसे आहे, अशा वेळी बाई बाजारच्या दिवशी एक तलंग पाय बांधून पिशवीत घालते आणि संध्याकाळपर्यंत तिची नड भागलेली असते. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही आणि घरी येऊन हिशेबही द्यावा लागत नाही.

हा पैसा तिच्याकडे राहिला, कारण तो लहान आहे. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम 50-60 अंडी देते. त्यातली काही विकायची, काही पोरांच्या ताटात आणि 10-12 खुडूक कोंबडीखाली. 21 दिवसांनी पिल्ले निघतात. मग घार आहे, मुंगूस आहे, उन्हाळ्यात मानमोडी आहे. जी वाचतील ती आपली. या व्यवहाराला जमीन लागत नाही, कर्ज लागत नाही, दारची पाखरे उकिरडा उकरून पोट भरतात. एवढ्याशा उत्पन्नावर घरातले दुसरे कुणी हक्क सांगायला येत नाही.

आता हाच धंदा वाढवायचा म्हटला की काय होते ते पाहा. 5000 पक्ष्यांची शेड उभारायची तर जागा हवी, आणि सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. कर्जाला तारण तोच सातबारा. विजेचे मीटर त्याच नावावर, कंपनीचा करार जागेच्या मालकाशी, म्हणून पैसेही त्याच्याच खात्यावर. पहाटे उठून पाण्याची भांडी धुणारी, तूस हलवणारी, मेलेला पक्षी उचलून बाजूला करणारी बाई तीच असते. काम दसपटीने वाढते आणि धंद्यावरचे तिचे नाव पुसले जाते. यात नेहमी कुणाचा दुष्टपणा असतो असे नाही. कागदपत्रांची वाटच तशी आखलेली आहे.

मग तिने दहा कोंबड्यांवरच समाधान मानावे का? मुळीच नाही. पैसा तिच्या हाती राहावा म्हणून तो कायम चिल्लरच राहिला पाहिजे, हे मला मान्य नाही. खरा प्रश्न असा आहे की वाढवायचे ते नेमके काय?

याचे एक उत्तर मध्य प्रदेशात सापडते. इटारसीहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर केसला आणि सुखतवा हा गोंड-कोरकूंचा भाग आहे. जिल्हा पूर्वीचा होशंगाबाद, आताचा नर्मदापुरम. 1980च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रदान’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी इथल्या आदिवासी बायकांबरोबर कुक्कुटपालन सुरू केले. 2001मध्ये त्यांची सहकारी संस्था नोंदली गेली. पुढे अशाच संस्थांच्या आधाराने महिलांची राज्यपातळीवरची उत्पादक कंपनी उभी राहिली आणि ‘सुखतवा चिकन’ हे नाव बाजारात रुळले. या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: एकेका बाईची शेड त्यांनी लहानच ठेवली. घराला लागून, 300 ते 500 पक्ष्यांची, एकटीला घरकाम सांभाळून झेपेल एवढी. वाढवले ते शेडच्या बाहेरचे. पिल्ले, खाद्य, औषधे आणि विक्री संस्थेकडे.

लहान शेडचा फायदा कळायला पहिल्या आठवड्यातली रात्र पाहावी. एक दिवसाचे पिल्लू साधारण 40 ग्रॅमचे असते आणि त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. तुसावर कागद पसरून, भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करून मध्ये दिवे टांगतात. आत 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पण बाई तापमापक पाहत बसत नाही. ती पिल्ले पाहते. दिव्याखाली एकावर एक चढली तर गारठली आहेत, दिवा खाली घ्यायचा. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकडते आहे, दिवा वर. कड्यात सगळीकडे सारखी पांगून दाणे टिपत असली की झोपायला हरकत नाही. रात्री वीज गेली की हे सारे पुन्हा. ढीग करून बसलेली पिल्ले खालच्या खाली गुदमरून मरतात, आणि त्याला अर्धा तासही पुरतो. शेड घराशेजारी आणि पक्षी मोजके असले की ही नजर टिकते. इथे बाईचे कसब मोठ्या भांडवलाला हार जात नाही.

तिला हार खावी लागते ती बाजारात. आषाढात कोंबडीला भाव आणि श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचा होतो आणि त्यानंतर रोजचे खाद्य अंगावर येते. व्यापाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो थांबतो. एकटी बाई थांबू शकत नाही. केसल्यात हा धोका संस्थेने उचलला. बाजारभाव पडो वा चढो, बाईला पैसे मिळतात ते तिने पक्षी किती चांगले वाढवले त्यावर: किती जगले, किती खाद्यात किती वजन भरले. जे तिच्या हातात आहे त्याचा जाब तिला, जे नाही त्याचा संस्थेला. इतकी न्याय्य वाटणी शेतीच्या व्यवहारात क्वचितच दिसते.

आपल्याकडे ब्रॉयलरऐवजी परसातल्या कोंबडीपासून सुरुवात करायची तरी विचार हाच लागू पडतो. सरकारी योजनेत 100 पिल्ले किंवा 25 तलंगा आणि 3 नर अनुदानावर मिळतात. त्याने खुराडे भरते. पण मानमोडीची लस कुठून येणार? तिची लहानात लहान बाटलीही शंभरेक पक्ष्यांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांची मालकीण ती बाटली एकटी फोडू शकत नाही. आळीतल्या आठ-दहा घरांनी दिवस ठरवावा, पहाटे खुराडी उघडण्याआधी एकीने बर्फाचा डबा घेऊन घरोघर फिरावे, पिल्लाच्या डोळ्यात एक-एक थेंब टाकत जावे आणि पक्ष्यामागे तिला मेहनताना मिळावा, असे जमले तर साथीत पूर्ण खुराडे रिकामे होणे बरेच टळेल. अनुदानाचा काही भाग पिल्लांऐवजी या बाईच्या प्रशिक्षणावर आणि मेहनतान्यावर खर्च झाला पाहिजे. आणि योजनेचा अर्ज भरताना सातबारा मागण्याऐवजी खुराडे रोज कोण उघडते एवढेच विचारावे, खाते तिच्याच नावाने काढावे.