कावडीतलं पाणी

काशीच्या गंगेचं पाणी कावडीत भरायचं आणि ते रामेश्वराला नेऊन घालायचं, हे केवढं पुण्य! पण वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि संत एकनाथांनी ते पाणी त्याला पाजलं, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोणत्या नियमानं पाजलं? यात्रेचा रिवाज तर उलटंच सांगत होता.

दुसऱ्याच्या वेदनेनं कळवळणं आपण जन्मतःच घेऊन येतो. १९६४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडानं साखळी ओढली की त्याला खाऊ मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेक माकडांनी ती साखळी टाळली. काही तर कित्येक दिवस उपाशी राहिली. त्यांना कुणी पोथी वाचून दाखवली नव्हती.

मात्र हा कळवळा बहुधा आपल्या माणसांपाशीच थांबतो. त्याला गाढवापर्यंत नेते ती घडण. एकनाथ लहानपणीच पोरके झाले. आजी-आजोबांनी त्यांना वाढवलं, देवगिरीला जनार्दनस्वामींनी घडवलं. पुढे १५७३ साली याच काशीत त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका पूर्ण केली, संस्कृत न येणाऱ्यांनाही कळावी म्हणून.

आज तुमचं लेकरू रस्त्यातल्या कुत्र्यासाठी पाणी मागेल, तर शाळेला उशीर होतोय म्हणून त्याला ओढून नेऊ नका. बाटली उघडून द्या.