उरलेले कोणाचे?



मागे एका घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो होतो. चहाबरोबर वॉफल आले. मुलीने परदेशातून पाठवलेले यंत्र. त्यात आंबट झालेले इडलीचे पीठ, काळी पडू लागलेली दोन केळी आणि थोडा गूळ. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ! (मध्ययुगीन युरोपात मिस्साची भाकर दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये भाजत, वॉफलचा साचा त्याच घराण्यातला.) मी कौतुक केले, पण बाई विचारात होत्या. म्हणाल्या, “फादर, पूर्वी उरलेलं पीठ मी कामवालीला द्यायची. आता आम्हीच खातो. गरिबाच्या तोंडचा घास काढला का हो आम्ही?”

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले ६० टक्के घराघरांतून, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. टाकलेले अन्न हे जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले अन्न, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की, गरजेपेक्षा जास्त असलेल्यावर निसर्गनियमानेच गरिबांचा हक्क आहे.

पण ‘जास्त’ म्हणजे काय? अक्वायनस बोलतात ते आपल्या मालमत्तेविषयी. आपण मात्र ‘उरलेले’ म्हटले की फ्रिज उघडतो. जे स्वतःच्या मुलाच्या ताटात वाढायला हात कचरतो, ते कामवालीच्या डब्यात जाते. आपले भांडे रिकामे होते आणि पुण्यही पदरी पडते!

मीही यातलाच. एका सणानंतर उरलेला पुलाव दुसऱ्या दिवशी जवळच्या मजुरांच्या झोपड्यांवर घेऊन गेलो होतो. एका म्हाताऱ्याने पातेल्याचा वास घेतला आणि शांतपणे विचारले, “फादर, आज सकाळी तुम्ही खाल्लात का यातला?” मी खाल्ला नव्हता.

योहानच्या शुभवर्तमानातला क्रम पाहा. आधी सगळे त्याच पाच भाकरींतून पोटभर जेवले. मग काही वाया जाऊ नये म्हणून प्रभूने तुकडे गोळा करायला सांगितले. बारा टोपल्या भरल्या. त्यांचे पुढे काय झाले, योहान सांगत नाही. शिष्यांनीच खाल्ले असतील, असे मला आपले वाटते.

म्हणून त्या बाईंना म्हटले, वॉफल खुशाल खा. उरलेले आपण संपवायचे. दुसऱ्याचा वाटा आधी काढायचा, ताजा असताना.

आता त्या पीठ वाटले की पहिला डबा कामवालीसाठी भरतात. पहिल्या दिवशी तिने झाकण उघडून पाहिले आणि विचारले, “ताई, यात काय बिघडलंय?”

तुमचा,
फादर