गाळलेल्या गोष्टींचं पान

ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी साठच्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली, ती रांगा, कारखाने, वाहतूक यांचं वर्तन संगणकावर उभं करण्यासाठी. पहिल्या सिम्युलात रांगेत उभं राहण्याची सोय प्रत्येक प्रक्रियेच्या अंगातच होती. गरज असो वा नसो, ती वागवावी लागे. ती सुटी काढून हवी त्यालाच जोडता यावी, या खटपटीतून १९६७ साली उपवर्गाची कल्पना आकाराला आली. आजच्या प्रोग्रामरच्या तोंडी सतत असलेलं इन्हेरिटन्स ते हेच. त्या सिम्युला ६७ मध्ये याद्यांसाठी ‘सिमसेट’ ही लायब्ररी आणि तिच्यावर रचलेली, काळ पुढे सरकवणारी ‘सिम्युलेशन’ तयारच मिळत असत. पुनर्वापराचा हा सगळा खटाटोप मॉडेलिंगच्याच पोटी जन्मला, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

सलग बदलणाऱ्या भौतिक व्यवस्थांसाठी पुढे १९९७ मध्ये मॉडेलिका ही भाषा आली. तिच्या लायब्ररीतला रोधक पाहा. ‘v = R × i’ एवढं समीकरण लिहायचं; कारण कोणतं, परिणाम कोणता, हे लिहायचंच नाही. भाग जोडले की सांध्यावर व्होल्टेज सारखं आणि प्रवाहांची बेरीज शून्य. फिरत्या दांड्यांतही तोच न्याय: कोन सारखा, आघूर्णांची बेरीज शून्य. त्यामुळे एकच रोधक कुठल्याही सर्किटमध्ये चपखल बसतो.

खरी मेख पुढे आहे. हा रोधक आपणहून तापत नाही. उष्णतेचा पोर्ट चालू केला नाही, तर त्याचं तापमान ठरवून दिलेलंच राहतं. टेबलावरच्या साध्या सर्किटला ते पुरतं. पण बंद डब्यातल्या तापणाऱ्या यंत्रणेत तोच उचलून बसवला, तर संगणक कसलीच तक्रार करत नाही: गणित बरोबर, आलेख देखणा, उत्तर भलतंच. साधा कोड चुकीच्या जागी वापरला तर तो निदान कधीमधी कोसळतो तरी. मॉडेलला तेवढाही संकोच नाही.

वर्तन परिस्थितीला बांधलेलं असतं. त्यामुळे लायब्ररी देते ते वर्तन काही गोष्टी गाळूनच सुटं केलेलं असतं. गाळणं हा दोष नव्हे, त्यावाचून मॉडेल होतच नाही. गाळलेलं न सांगणं हा मात्र दोष आहे. लायब्ररी निवडताना तिच्यात किती घटक आहेत हे नंतर मोजा. आधी प्रत्येक घटकाची गृहीतकं लिहिलेलं पान उघडा. ते पान नसेल, तर ती लायब्ररी कितीही गाजलेली असली तरी घेऊ नका.