आधी हात धू

साबण पुन्हा लाव. वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं हात धरायचे आणि धुता धुता माझं ऐकायचं. मनगटावरचा तो ओरखडा मला इथून दिसतोय. त्याच हातानं तू त्या गाईचा जबडा आतपर्यंत चाचपलास. हातमोजे नाहीत, कुणाला विचारणं नाही. का, तर म्हणे लाळ गळत होती, वैरण गिळत नव्हती, घशात उसाचं कांडं अडकलं असेल असं वाटलं.

वाटलं! ती गाय कालपासून एकसारखी हंबरत होती. आवाज घोगरा झाला होता, गव्हाणीवर डोकं आपटत होती. मध्यंतरी गोठ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं, हे मालकानं डॉक्टरांना पहिल्याच प्रश्नाला सांगितलं. तू तो प्रश्नच विचारला नाहीस. रेबीज झालेल्या जनावराला गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते आणि बघणाऱ्याला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्याआधी वेळेवर लस घेतली तर वाचतो. खरं तर या कामात येणाऱ्यानं ती आधीच टोचून घ्यायची असते. तेव्हा हात धुऊन झाले की थेट ग्रामीण रुग्णालय. तिथले डॉक्टर म्हणाले तर जखमेत सीरमही घ्यायचं. लसीचा एकही डोस चुकवायचा नाही, आणि दर वेळी कार्ड मला आणून दाखवायचं.

आता दुसरी गोष्ट. “आमचा कोर्स ऑनलाइन होता, प्रात्यक्षिक झालंच नाही,” असं मघाशी तू डॉक्टरांना सांगितलंस. ते मला ऐकवू नकोस. आजची चूक प्रात्यक्षिकाअभावी झालेली नाही. रेबीजचा पाठ तुझ्या कोर्समध्ये आहे. तुझ्यादेखत तुझाच मोबाइल उघडून मी तो पाहिला. चांगला पाठ आहे. लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, हे त्यात दोनदा सांगितलंय. तू तो दुप्पट वेगानं पळवलास आणि चाचणीची उत्तरं मित्रांच्या ग्रुपवरून उतरवलीस. हे शिकायला ना गाय लागत होती, ना खोडा, ना मी. नुसतं बसून ऐकायचं होतं, आणि तेवढंही तुझ्याच्यानं झालं नाही.

ऑनलाइन शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. पहाटे धारा काढून, डेअरीवर दूध घालून, दिवसभर रानात राबणाऱ्या पोरानं रात्री नऊला पुस्तक उघडावं तर त्याच्यासाठी कॉलेज उघडं नसतं. मोबाइल उघडा असतो. पोटाचे चार कप्पे, लाळ्या-खुरकुताचं सहामाही लसीकरण, लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये का ठेवायची, बारा अंकी बिल्ल्याची नोंद कशी करायची, हे सगळं तिथं नीट कळतं. न कळलं तर मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला ती सोय कधीच नव्हती. एवढी सोय हाताशी असून तू ती प्रमाणपत्र छापण्यापुरती वापरलीस, याचा मला राग आहे.

आणि जे पडद्यावर येतच नाही, त्यासाठी तू काय केलंस? परवा ताप घ्यायला सांगितलं तर थर्मामीटर शेणात खुपसून मोकळा झालास. ते टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, नाहीतर आकडा शेणाचा येतो. तू वहीत ९९ लिहिलंस. गाईचा ताप एरवीच १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो, म्हणजे तुझ्या वहीप्रमाणे ती गार पडली होती आणि समोर निवांत रवंथ करत होती. आकडा आणि जनावर जुळत नाहीत, तरी तुला पुन्हा बघावंसं वाटलं नाही. डाव्या भकाळीवर मूठ दाबून दोन मिनिटं थांबलं की पोटाची हालचाल दोन-तीनदा हाताला लागते. लागली नाही तर काहीतरी बिघडलंय. ते लागणं कुठलाही व्हिडिओ तुझ्या मुठीत आणून देणार नाही. त्यासाठी निरोगी जनावरांच्या भकाळीवर रोज मूठ ठेवावी लागते. तुझ्या घरी जनावरं आहेत, शेजारी आहेत. कुणी अडवलं होतं?

औषध पाजण्याचंही तेच. मान उंच ताणायची, जीभ ओढून धरायची आणि बाटली रिकामी करायची, ही तुझी रीत. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. औषध श्वासनळीतून फुफ्फुसात जातं, मग ठसका, मग न्यूमोनिया. पोटफुगीतून वाचली असती ती गाय तुझ्या बाटलीनं मरेल. मालक समजेल रोगानं गेली, आणि तूही तसंच समजशील. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर तू औषधंही सांगतोस, ते मी वाचलं. कुणाच्या बैलाचा पाय सुजला, तू फोटो बघून डायक्लोफेनॅक टोचायला सांगितलंस, माणसांच्या दुकानातून आणून. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात २००६ साली बंदी आली. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं अशीच लाखोंनी संपली. हेही तुझ्या कोर्समध्ये असेल. नसलं तरी औषध सांगण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

कायदा वाच. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४, कलम ३०. जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानं करायचे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकाला सरकार परवानगी देतं ती किरकोळ सेवांची, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा प्राथमिक कामांची, आणि तीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तेही प्रमाणपत्र कुणी दिलंय हे बघितलं जातं. पैसे भरून घरबसल्या मिळालेला कागद त्यात बसतो का, हे फी भरण्याआधी विचारायचं होतं. आता विचार, लेखी विचार.

सहायक हे हलकं काम आहे असं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, मला माहीत नाही. जनावर नीट धरणारा, मालकाला नेमका प्रश्न विचारणारा, खरा आकडा लिहिणारा माणूस शेजारी असला की डॉक्टरांचं निम्मं निदान तिथंच होतं. आज तसा माणूस तिथं असता तर त्या गोठ्यातलं कुणीही गाईच्या तोंडाजवळ गेलं नसतं. तू तिथं उभा असताना मालकाच्या लहान मुलीनं गाईसमोर पाण्याची बादली नेऊन ठेवली. तिलाही लाळ लागली का, हे विचारायला डॉक्टर आता पुन्हा तिकडे गेलेत. ते तुझं काम होतं.

सोमवारपासून सकाळी सहाला दवाखान्यात यायचं, गमबूट घालून. मी सांगेपर्यंत सुईला हात लावायचा नाही. जनावर धरायचं, ताप घ्यायचा, भकाळीवर मूठ ठेवायची आणि जे लागेल तेच वहीत लिहायचं. रात्री कोर्स पहिल्या पाठापासून पुन्हा लावायचा, नेहमीच्या वेगानं, आणि प्रत्येक पाठातले न कळलेले प्रश्न लिहून आणायचे. प्रश्न नसतील तर पाठ झाला नाही असं मी धरेन. ग्रुपवर आजच लिहून टाक की यापुढे तू औषध सांगणार नाहीस, आणि जनावर आजारी पडलं तर १९६२ वर फोन करा. आणि मोटारसायकलवर ‘डॉक्टर’ लिहिलंयस, ते खरवडून काढूनच इथं यायचं.