देवाशी भांडणाऱ्यांची परंपरा

कयाधूकाठच्या नरसीने मराठी मुलखाला एक असा संत दिला, जो देवासमोर हात जोडून गप्प उभा राहिला नाही. नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलेला पोरगा इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोठेपणीही नामदेव विठ्ठलावर रुसले, त्याच्यावर आळ घेतला, त्याला जाब विचारला. मंगळवेढ्याला कुसू कोसळून संत चोखोबा गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणणारेही नामदेवच, असे परंपरा सांगते. देवाशी भांडण आणि माणसांसाठी धावपळ या दोन्ही गोष्टी त्यांच्या भक्तीत शेजारी शेजारी नांदल्या.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना नामदेवांकडून हे शिकण्याची आज फार गरज आहे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या घरगुती प्रार्थनासभांत साक्ष देण्याची रीत आहे. कुणी उठतो, आजार गेला म्हणतो, नोकरी लागली म्हणतो, सगळे प्रभूची स्तुती करतात. आनंद वाटून घ्यावा, त्यात वावगे काही नाही. पण ज्या आईचा मुलगा बरा झाला नाही, ती त्याच खोलीत मागे भिंतीला टेकून बसलेली असते. तिची साक्ष कुणी मागत नाही. तिने धीर करून विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते: बाई, विश्वास कमी पडला. आधीच पाठीवर असलेल्या ओझ्यावर आम्ही आणखी एक दगड ठेवतो आणि त्याला उपदेश म्हणतो.

दुसरा उपदेश याहून गोड आवाजात होतो. नवरा दारू पिऊन मारतो, सावकार दारात उभा आहे, विहिरीने तळ गाठला आहे. आणि सल्ला मिळतो, सोस, प्रभूनेही वधस्तंभ सोसला. प्रभूने वधस्तंभ सोसला तो दुसऱ्यांवरचा जुलूम चालू राहावा म्हणून नव्हे. बाईला मार खात राहायला सांगण्यासाठी त्याच्या जखमांचा दाखला देणे ही मी ईश्वरनिंदा समजतो.

पवित्र शास्त्र उघडून पाहावे. ईयोबाची मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र धार्मिक होते, आणि तुझेच काहीतरी चुकले असणार, असे त्याला पुनःपुन्हा समजावत होते. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटी देवाचा राग कुणावर झाला? त्या मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असा निवाडा त्या पुस्तकात आहे. स्तोत्रसंहितेत किती तरी स्तोत्रे उघड गाऱ्हाण्याची आहेत. पौलाने तीन वेळा विनवणी केली तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला म्हणायचे का? खुद्द प्रभूने, समोरचा प्याला टळावा म्हणून गेथशेमाने बागेत प्रार्थना केली आणि वधस्तंभावरून, तू मला का सोडलेस, असे पित्याला विचारले. आमच्या सभांमध्ये मात्र तेवढा प्रश्न विचारायची सोय उरलेली नाही.

ही सोय ज्यांनी स्वतःसाठी करून घेतली, अशी माणसे आमच्याच घरात होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे नाव आम्ही अभिमानाने घेतो, पण त्यांची चरित्रे सांगताना मधला खडबडीत भाग गाळून टाकतो. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण लागोपाठ गेली. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हजारो मैल देश तुडवला. मूठभर धान्य भिजवून मिठाबरोबर खाल्ले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून त्यांनी रात्र काढली. पुढे भाऊ गेला. १८८० साली लग्न झाले, १८८२ साली पती गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या.

बाप्तिस्म्यानंतर त्या मुकाट झाल्या का? मुळीच नाही. जिथे विश्वास मिळाला, तिथल्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. जे बुद्धीला पटले नाही ते पटले म्हणायला नकार दिला आणि शाकाहारही सोडला नाही. १८८९ साली विधवांसाठी मुंबईत काढलेले शारदासदन पुढे पुण्याला नेले, तर १८९३च्या सुमारास धर्मांतराच्या वादात कित्येक मुली तिथून काढून नेण्यात आल्या. स्वकीयांनी टाकले, चर्चलाही त्या पुरत्या पचल्या नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. प्लेगच्या छावणीत आणि रुग्णालयात बायकांचे काय हाल होतात, ते रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जाहीर केले. सरकार ख्रिस्ती होते म्हणून त्याला त्यांनी सूट दिली नाही. ज्यांना धीर म्हणजे गप्प बसणे वाटते, त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावे.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ होता. वाळूच्या खड्ड्यात रात्र काढलेली ही बाई त्या मुलखात गेली आणि उपाशी मुली, विधवा घेऊन परतली. एकदाच नाही, १९००च्या गुजरातच्या दुष्काळातही तेच केले. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले: विहिरी, शेती, हातमाग, तेलघाणा, छापखाना. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवले. रमाबाईंना दुष्काळाचे कारण देवाने कधी उलगडून सांगितले नव्हते. उपाशी मुलीला काय लागते हे मात्र त्यांना अंगानेच कळलेले होते, आणि त्या कळण्याचा त्यांनी उपयोग केला. मला तरी ख्रिस्ती धीराची याहून खरी ओळख दुसरीकडे सापडलेली नाही.

शेवटची वर्षेही सोपी नव्हती. ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर चालू होते, ते केडगावच्याच छापखान्यात मुली छापत होत्या. १९२१ साली मनोरमा गेली. जिच्या हाती सगळे सोपवायचे तीच आधी गेली. रमाबाई कामाला बसल्या, आणि ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून घरगुती आहे, म्हणून कदाचित आपल्याला अधिक जवळची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्या संसाराचे दोन तुकडे झाले. लक्ष्मीबाईंना नातलगांनी पंढरपूरला नेले. जिथे नामदेव पायरी आहे त्याच गावात ही बाई लहान मुलाला घेऊन, नवरा जिवंत असून नसल्यासारखी राहिली. पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात सोवळेओवळे, जातीचा विटाळ यांवर त्या स्वतःच्या मनाशी झगडल्या आणि कुणी सांगितले म्हणून नव्हे, तर आपले आपल्याला पटल्यावर ते टाकून दिले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते की त्यांनी काहीच झाकलेले नाही. नवऱ्याचा राग, त्याचा हाती येईल ते देऊन टाकण्याचा स्वभाव, त्यातून आलेली ओढगस्त, स्वतःचा संताप, सगळे लख्ख उजेडात आहे, आणि तरीही पानापानावर हसू आहे. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले.

टिळकांनी तर मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला, कीर्तन दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची पदे आम्ही आजही ‘उपासना संगीत’मधून गातो. पण चाल घेतली आणि त्या चालीतला मोकळेपणा मागे ठेवला. वारकरी देवाला तोंडावर निष्ठुर म्हणू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेला लागतो. नरसीहून पंढरपूरला निघणाऱ्या म्हाताऱ्याला आपला विश्वास कमी पडला का, असे विचारण्याची कुणाची हिंमत होणार नाही.

म्हणून आमच्या मंडळ्यांना आणि पाळकांना माझी काही मागणी आहे. साक्षीच्या वेळी बरे न झालेल्यांनाही उभे करा आणि त्यांचे बोलणे कुणी दुरुस्त करू नका. क्षयरोग्यासाठी प्रार्थना करा, आणि सहा महिने तो गोळ्या घेतो की नाही हेही पाहा. औषध सोडा म्हणणाऱ्या चंगाईच्या सभेला आपले मैदान देऊ नका. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होते. मार खाणाऱ्या बाईला सोस म्हणण्याआधी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणारे कोण आहे, ते ठरवा.

हिंगोलीसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात, सोयाबीन हातचे गेल्यावर नवऱ्याने जीव दिलेल्या बायका आमच्याही शेजारी राहतात, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. अशा घरी तेराव्यानंतर कुणी फिरकत नाही. सरकारची एक लाखाची मदत पात्र-अपात्रच्या कागदांत अडकते, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, निराधार योजनेच्या अर्जाला एक दाखला कमी पडतो. लिहितावाचता येणारा एक माणूस तिच्याबरोबर तहसीलला चार वेळा गेला, तर तिचे निम्मे ओझे उतरते. दर रविवारी आमच्या बाकांवर अशी लिहितावाचता येणारी माणसे डझनाने बसलेली असतात. उपासना संपल्यावर त्यांच्यातल्या दोघांची नावे लिहून घ्या आणि सोमवारी सकाळी त्यांना तिच्या दारी पाठवा.