परसातले गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आमच्या परसात एक औदुंबर आहे. तो आम्ही लावला नाही. कुठल्याशा पाखराने उंबर खाल्लं, त्याच्या विष्ठेतून विहिरीच्या कठड्यात रोप उगवलं. वडिलांनी ते अलगद काढून परसात लावलं. आज ज्या झाडाला आम्ही प्रदक्षिणा घालतो, त्याचं बी पाखराचं आहे. खोडाला उंबरं लगडली की तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या सकाळीच हजर. निवृत्तीनंतर माझी सकाळ तिथेच जाते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांत पक्षी दोन, कपोत आणि कुरर. कपोताची पिलं पारध्याच्या जाळ्यात सापडली. ते पाहून मादी जाळ्यात शिरली आणि तिच्यामागून कपोतानेही आपण होऊन उडी घेतली. ही कथा मी सप्ताहात कितीदा तरी ऐकली. मान डोलावली आणि घरी आलो.

त्या वर्षी मुलाला परगावी चांगली नोकरी लागली होती. "एवढं घर, एवढं परस कुणासाठी केलं?" म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. वैशाखात जास्वंदीवर बुलबुलाने घरटं केलं. एके दिवशी पिलू खाली उतरलेलं दिसलं. पंख अपुरे, उडता येईना. मांजर नेईल म्हणून मी ते उचललं, खोक्यात ठेवलं, दूध-पोळी भरवली. बाहेर त्याचे आईबाप चोचीत किडे घेऊन ओरडत होते. मला वाटलं, मी वाचवतोय. सकाळी पिलू गेलेलं होतं.

आमची मंडळी एवढंच म्हणाली, "अहो, त्याची आई होती ना तिथं?"

भक्तहो, ते वाक्य काळजात रुतलं. बँकेत जन्मभर नोटा मोजल्या. त्यातली एकही आपली नाही, हे पक्कं ठाऊक होतं. लोकांची ठेव होती, संध्याकाळी हिशेब जुळवायचा आणि तिजोरी बंद करून मोकळ्या हाताने घरी यायचं. घरात मात्र सगळं माझं. झाड माझं, पाखरू माझं, मुलगा माझा. कपोताला निदान पारध्याने फसवलं. माझं जाळं मीच विणलं होतं. त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला. "जा बाबा, सुखाने जा," म्हणालो. पुढे बोलवेना.

मग जाणत्यांना विचारून शिकलो. बुलबुलाची पिलं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना बाहेरच भरवतात. पिलू असं दिसलं तर जवळच्या झुडपात ठेवावं आणि लांब व्हावं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा निव्वळ गैरसमज. दूध, फरसाण, खारट काही घालू नये. मातीच्या उथळ परळात पाणी ठेवावं, पाखराला उभं राहायला त्यात एखादा दगड असावा; पाणी रोज बदलावं, परळ घासावं. घरटं दिसलं तर ती फांदी छाटू नये. एवढी सेवा पुष्कळ झाली.

आता विचार करा. अवधूताने २४ गुरू केले, पण त्यांतल्या एकालाही पिंजऱ्यात घातलं नाही, घरी आणलं नाही. नुसतं पाहिलं आणि शिकला. मग माया करायचीच नाही का? तसं नव्हे. परळ भरावं, वाट पाहावी. पाखरू आलं तर आनंद, उडालं तर नमस्कार. महाराजांनी दिलेली ठेव आहे, मालकी त्यांची.

यंदाच्या दत्तजयंतीला मुलगा सहकुटुंब येतोय. चार दिवस राहील नि जाईल. निरोप द्यायला मी औदुंबरापर्यंत जाईन.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!